पाण्यावरचं कडं

ती कामावरून आली, पर्स खुंटीला अडकवली आणि माशांना दाणे टाकायला टाकीपाशी गेली, तर पाण्याला भोक पडलेलं होतं. पाण्याला भोक पडत नाही हे तिलाही कळत होतं, पण मनात पहिला आला तो शब्द हाच. बाहेरच्या खोलीतल्या त्या काचेच्या टाकीचा वरचा भाग गेले कित्येक महिने तरंगत्या रोपांनी इतका गच्च भरलेला होता, की पाणी म्हणून दिसायचंच नाही. शर्टाच्या बटणाएवढी गोल गोल पानं एकमेकांना चिकटून, एकमेकांवर चढून बसलेली. रोज ती बोटाने दोन-चार पानं बाजूला सारायची आणि त्या फटीतून दाणे सोडायची. आज फट शोधायची गरजच नव्हती. मधोमध बशीएवढं मोकळं पाणी होतं, अगदी गोल, आणि त्या गोलाच्या कडेने पारदर्शक नळीचं एक कडं तरंगत होतं. पानं कड्याच्या बाहेर शहाण्यासारखी थांबली होती. आत नुसतं पाणी. त्या पाण्यात छताचा दिवा दिसत होता आणि दिव्याच्या बाजूला तिचं स्वतःचं तोंड, आ वासलेलं.

पहिला संशय तिला आला तो स्वतःचाच. हल्ली असं व्हायचं. इस्त्री बंद केली की नाही म्हणून ती अर्ध्या जिन्यावरून परत यायची आणि इस्त्री बाहेर काढलेलीच नसायची. तेव्हा हेही आपणच केलं असेल, काल, नाहीतर सकाळी, दात घासता घासता. पण नळी कुठून आणली? आणि काढलेली रोपं कुठे टाकली? कचऱ्याच्या बादलीत नव्हती. मोरीत नव्हती. ती गॅलरीत गेली तर तिथल्या मरतुकड्या कुंडीत मातीवर ती पसरून ठेवलेली होती, ओली, मुळ्यांसकट, कुणीतरी हाताने सारखी केलेली, जशी एखाद्याच्या अंगावरची चादर सारखी करावी तशी. तिने रोपं टाकायची म्हणून कधी टाकलीच नव्हती. जिवंत वस्तू बादलीत टाकवत नाही, असं ती स्वतःला सांगायची. खरं कारण ते होतं की आणखी काही, ते तिने कधी नीट बघितलं नव्हतं. ती कुंडीपाशी उभी राहिली आणि तिला एकदम लख्ख कळलं, की घरात कुणीतरी येऊन गेलं आहे. भीती वाटायला हवी होती. तिने वाट पाहिली, पण भीती आली नाही. तिच्या जागी दुसरंच काहीतरी आलं, गुदगुल्यांसारखं, आणि त्याचं काय करायचं ते तिला समजेना.

कारण घराची दुसरी किल्ली एकाच माणसाकडे होती, तिच्या नवऱ्याकडे.

टाकी त्याचीच होती. तो लिफ्ट बसवायचा, नादुरुस्त लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि दिवसभर त्या काळोख्या खड्ड्यात वर-खाली बघून मान अवघडली की घरी येऊन टाकीसमोर बसायचा. मासे साधेच, गप्पी. पण ही तरंगती रोपं त्याने हौसेने आणली होती, पिशवीत जेमतेम मूठभर. दुकानदाराने सांगितलेलं विलायती नाव त्याला जिन्यापर्यंतसुद्धा लक्षात राहिलं नाही, म्हणून त्याने त्यांना ‘बटणं’ म्हणायला सुरुवात केली. “बघ, बटणं वाढली.” “बटणांना मुळ्या बघ कशा फुटल्यात, झालरीसारख्या.” मुळ्या खरंच सुंदर होत्या, पांढऱ्या, बारीक, पाण्यात लोंबणाऱ्या, आणि त्यांच्या आड माशांची जिऱ्याएवढी पिल्लं लपायची. मागच्या वर्षी एका नव्या उंच इमारतीत लिफ्ट बसवायच्या होत्या म्हणून तो दुसऱ्या शहरात गेला, तीन महिन्यांसाठी. तीन महिन्यांचे पाच झाले. मग त्याने तिथे खोली घेतली. मग एका रविवारी फोनवर म्हणाला, “सध्या असंच राहू या.” ती म्हणाली, “बरं.” भांडण झालं नव्हतं. मध्ये कुणी बाई होती असंही नाही, निदान तिला तरी माहीत नव्हतं. लोक विचारायचे, तुमचं नक्की काय झालं, तेव्हा तिला उत्तर येत नसे, आणि लोकांना वाटे ती लपवते आहे. लपवायला तरी काहीतरी असावं लागतं. त्या ‘सध्या’ला आता आठ महिने झाले होते आणि त्या आठ महिन्यांत बटणांनी सगळं पाणी झाकून टाकलं होतं.

ती कवळ्या करायची. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे यायचे. त्यांत प्लास्टर ओतायचं, तयार झालेल्या जबड्यावर गुलाबी मेण चढवायचं आणि मेणात एकेक दात बसवत जायचं. माणूस कधी दिसायचा नाही, नुसतं त्याचं तोंड टेबलावर असायचं. पण तोंडावरून तिला पुष्कळ कळायचं: हा रात्री दात खात असणार, ही बाई एकाच बाजूने चावते, याने दुःख दाबून दाबून जबडा झिजवला आहे. दुसऱ्या दिवशी तिने वरच्या कवळीचे पुढचे दोन दात असे बसवले, की मधली रेघ नाकाखाली यायच्याऐवजी गालाकडे सरकली. तयार कवळ्यांना चकाकी देणारा म्हातारा, ज्याला सगळे पॉलिशकाका म्हणत, ती कवळी हातात धरून तिच्याकडे आला.

“हे गृहस्थ हसले की समोरच्याला वाटेल, शेजारच्याशी बोलतायत,” तो म्हणाला. “काय, लक्ष कुठे आहे?”

“काही नाही काका. झोप नाही झाली.”

“झोप न झालेल्या माणसाचं तोंड मी ओळखतो. हे तसं नाही.” आणि तो कवळी ठेवून निघून गेला.

त्या दिवसापासून तिने टाकीवर पाळत ठेवली. दर दिवशी काही होत नव्हतं. बुधवारी व्हायचं. पुढच्या बुधवारी ती आली तेव्हा कड्याबाहेरची रोपंही विरळ केलेली होती, काचेवरचा हिरवा थर पुसलेला होता आणि पिवळी पडलेली पानं वेचून काढलेली होती. मोकळ्या झालेल्या जागेतून उजेड तळापर्यंत गेला होता. तळाशी वाळू आहे हेच ती विसरून गेली होती. मासे त्या उजेडात वेड्यासारखे फिरत होते. ती खुर्ची ओढून टाकीसमोर बसली, त्याच्या खुर्चीत, आणि तिला वाटलं, हा माणूस दुसऱ्या शहरातून गाडी पकडून येतो, आपण नसताना येतो, बटणं विरळ करतो आणि निघून जातो. याचा अर्थ काय? भेटायचं नाही, पण यायचं आहे. बोलायचं नाही, पण पाणी मोकळं करायचं आहे. वेडाच आहे. त्याचं हे असंच असायचं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती तापाने फणफणली होती, तेव्हा तो तिच्याजवळ बसला नव्हता, पण सबंध दुपार खिडकीची कडी दुरुस्त करत होता, वाऱ्याने वाजते म्हणून. तेव्हा तिला राग आला होता. आज इतक्या वर्षांनी, टाकीसमोर बसून, तिला त्या कडीबद्दल भरून आलं.

तिसऱ्या बुधवारी सकाळी निघताना तिने टेबलावर चहाचा कप काढून ठेवला, शेजारी साखरेचा डबा आणि चार बिस्किटं. संध्याकाळी कप धुऊन, पुसून, फडक्यावर पालथा घातलेला होता. बिस्किटं दोन उरली होती. बारा वर्षांत त्याने कप धुतला नव्हता. साखर तर तो चहात घेतच नसे, आणि डब्यातली साखर उघडउघड कमी झालेली होती. दुसऱ्या कुणाला या दोन गोष्टींवरून काही कळलं असतं. तिलाही कळलं, पण तिला जे हवं होतं ते कळलं. माणूस बदलतो, ती मनाशी म्हणाली. एकटं राहून कप धुवायला शिकला. गोडही खायला लागला. तिने तो कप पुन्हा फडताळात ठेवला नाही, तसाच राहू दिला, आणि त्या आठवड्यात खोलीचे पडदे धुतले, त्याच्या बाजूच्या उशीचा अभ्रा बदलला, आणि हे आपण का करतो आहोत असं विचारणाऱ्या आतल्या आवाजाला म्हणाली, धुवायचेच होते ना, कधीतरी. जिना चढताना ती गुणगुणायला लागली होती. शेजारीण म्हणाली, “अय्या, आज खुशीत?” तर तिला शरम वाटली, लग्न व्हायच्या आधी वाटायची तशी.

चौथ्या बुधवारी तिने चिठ्ठी लिहिली. चार वेळा लिहून फाडली. एक फार लांब झाली होती आणि तिच्यात ‘का’ हा शब्द सहा वेळा आला होता. शेवटी उरलं ते एवढंच: ‘मासे बरे आहेत. परत यायचं असेल तर ये. मी काही विचारणार नाही.’ शेवटच्या वाक्याचा तिला अभिमान वाटला. बायका विचारून विचारून हैराण करतात, आपण कधी केलं नाही, पुढेही करणार नाही. यापेक्षा मोठं आपण त्याला काय देऊ शकतो? चिठ्ठी तिने माशांच्या दाण्यांच्या डब्याखाली ठेवली. संध्याकाळी डबा होता, चिठ्ठी नव्हती. उत्तरही नव्हतं. तिने डबा उचलून पाहिला, टेबलाखाली पाहिलं, गॅलरीतल्या कुंडीत पाहिलं. फोन हातात घेतला आणि ठेवला. वाचली असेल, घेऊन गेला असेल, खिशात असेल. की रागाने चुरगाळून जिन्यात टाकली? ती खाली तीन मजले जिना बघत गेली आणि वर आली.

त्याच संध्याकाळी कड्याचा सांधा निसटला. नळीची दोन टोकं एकमेकांत खुपसून बसवलेली होती, ती सुटली आणि बटणं हळूहळू, एकेक करत, मोकळ्या पाण्यात शिरायला लागली. तिला ते बघवेना. तिने सांधा पुन्हा बसवायचा प्रयत्न केला, पण टोक चिरलं होतं. दुसऱ्या दिवशी ती जेवणाच्या सुट्टीत ती नळी कागदात गुंडाळून माशांच्या दुकानात गेली, तिथूनच त्याने पूर्वी रोपं आणली होती. दुकानदाराने नळी बोटांत फिरवली, उजेडात धरली.

“अशीच हवी? ही आमच्याकडची नव्हे. हवेच्या पंपाची नळी याहून जाड असते. ही सलाइनची आहे, दवाखान्यातली.”

“सलाइनची?”

“हो. हे बघा, टोकाशी अजून थोडी चिकटपट्टी आहे. पण कल्पना झकास आहे. कुणी केलं?”

“मिस्टरांनी,” ती म्हणाली आणि तो शब्द तोंडातून निघाला तशी तिने काउंटरची कड धरली. सलाइन. तो आजारी आहे. म्हणून तो परत आलेला आहे, याच शहरात, कुठल्यातरी दवाखान्यात आहे, बुधवारी त्याला सोडतात, नाहीतर बुधवारी त्याला काहीतरी टोचतात आणि मग तो इथे येऊन बसतो. म्हणून साखर. अशक्तपणात साखर लागते. म्हणून सांगत नाही. दुकानदाराने दिलेली जाड नळी तिने न बघताच पिशवीत टाकली. पुढचे सहा दिवस ती टेबलावरच्या प्रत्येक प्लास्टरच्या जबड्यात त्याचा जबडा बघत राहिली. त्याची खालची एक दाढ काढलेली होती. डावीकडची की उजवीकडची? आठवेना. बारा वर्षं जेवताना समोर बसलेला माणूस, आणि तिचं कामच दातांचं, आणि दाढ कुठली ते आठवेना. तिने त्याला फोन केला. वाजला, वाजला आणि बंद झाला. तासाभराने संदेश आला: ‘साइटवर आहे. काही काम?’ तिने लिहिलं: ‘बरा आहेस ना?’ उत्तर आलं: ‘हो.’ त्या एवढ्याशा ‘हो’कडे बघता बघता तिला त्यात ताप दिसायला लागला.

बुधवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पॉलिशकाकांनी नुसतीच मान हलवली. ती दुपारी घरी पोचली, स्वतःच्याच दाराशी चोरासारखी थांबली आणि कान लावला. आत पाण्याचा आवाज येत होता, मगने पाणी ओतल्यासारखा. तिने केस सारखे केले. निळा ड्रेस तिने सकाळीच घातला होता, त्याला आवडायचा तो, आणि कामाच्या जागी त्यावर मेण पडू नये म्हणून तेव्हापासून जपला होता. मग तिने दार उघडलं.

टाकीसमोर, बाह्या कोपरापर्यंत दुमडून, पाण्यात हात घालून, तिची सासू उभी होती.

सासूच्या हातातून पाणी ठिबकत होतं आणि मनगटाला दोन-तीन बटणं चिकटली होती. ती सत्तरीची, सडपातळ बाई. चाळीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. सासू थोरल्या मुलाकडे शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, आणि या घरी पूर्वी वर्षातून चार वेळा यायची. आली की आधी नळाखाली हात धुवायची आणि मग फडताळावरून बोट फिरवून बघायची. तेवढंच त्यांचं नातं. तो गेल्यापासून तिने एकदाही फोन केला नव्हता. सुनेने गृहीत धरलं होतं, की दोष आपल्यावर आला असणार.

“तू लवकर आलीस,” सासू म्हणाली.

“तो कुठे आहे?” ती म्हणाली. तिने मोरीकडे, आतल्या खोलीकडे पाहिलं. “आई, तो बरा आहे ना? कुठल्या दवाखान्यात आहे?”

“दवाखान्यात? कोण?” सासूने भुवया वर केल्या. “अगं, तो तिकडे आहे, त्याच्या खोलीवर. ठणठणीत आहे. तुला कुणी सांगितलं?”

तिने पर्समधून ती चिरलेली नळी काढून दाखवली. सासूने नळीकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर एक ओशाळं हसू आलं. “ही होय. माझ्या ट्रंकेत पडली होती. वॉर्डातून निवृत्त झाले तेव्हा वापरायच्या म्हणून दोन आणल्या होत्या. पाकीट फोडून उरलेल्या, वाया जाणाऱ्या. म्हटलं, कधीतरी उपयोगी पडेल.”

म्हणजे कप. म्हणजे साखर. म्हणजे कुंडीतली ती चादरीसारखी सारखी केलेली रोपं. ती त्याच्या खुर्चीत बसली. गेले चार आठवडे ती ज्याला पुन्हा एकदा जीव लावत होती तो इथे आलाच नव्हता. मग जीव लावला तो कुणाला? पडदे कुणासाठी धुतले? खिडकीच्या कडीबद्दल भरून आलं, ते आता परत घ्यायचं का? कुणाकडून? तिला रडू येतं आहे असं वाटलं, पण डोळे कोरडे होते, आणि हसू येतंय असंही वाटलं. समोरची बाई टॉवेल शोधत होती आणि टॉवेल कुठे असतो ते तिला बरोबर माहीत होतं.

“बसू का विचारायला हवं मी तुला,” सासू हात पुसत म्हणाली, “घर तुझं.” मग तीच समोरच्या स्टुलावर बसली, गुडघ्याला हात लावून, हळूच. “दर बुधवारी मी गुडघ्याला शेक घ्यायला इथे मागच्या रस्त्याला येते. सुनेला तेवढंच माहीत आहे. थोरलीला. शेक होतो वीस मिनिटांत.”

“तुमच्याकडे किल्ली?”

सासूने टॉवेलची घडी केली. तिने टाकीकडे पाहिलं. “त्याने पाठवली,” ती म्हणाली. “त्याला कपाटातली फाइल हवी होती, परवान्याची, सर्टिफिकेटांची. तू नसताना काढून पाठव म्हणाला. किल्लीबरोबर चिठ्ठी होती. मला आता ही लागणार नाही, असं लिहिलं होतं.” तिने टॉवेल मांडीवर ठेवला. “तो बाहेरच्या देशात चाललाय. तीन वर्षांचा करार आहे. पुढच्या महिन्यात.”

रस्त्यावर कुणीतरी मोटारीचं दार आपटलं. तिने विचारलं, “फाइल नेलीत?”

“नेली. पहिल्याच दिवशी. चोरासारखी आले होते मी इथे, खोटं कशाला बोलू. फाइल काढली, निघाले, आणि जाता जाता हे दिसलं.” सासूने टाकीकडे बोट केलं. “सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत होते. पानांच्या फटींतून. वरून इतकं झाकलेलं की हवाच नव्हती त्यांना. माझी उभी हयात गेली असली तोंडं बघण्यात, अगं. मुलं अशीच करतात, दम लागला की. माझ्याने जाववेना. पिशवी खाली ठेवली आणि हाताने काढत बसले. मग रोपं पुन्हा मध्ये यायला लागली, तेव्हा नळीचं सुचलं. ती घेऊन दुसऱ्या बुधवारी आ… नाही, त्याच दिवशी परत आले, रिक्षाने. थोरलीला म्हटलं, छत्री विसरले.”

“आणि नंतर? नंतर का येत राहिलात?”

“ते मलाही धड सांगता येणार नाही,” सासू म्हणाली. “तिकडे माझ्याकडे काही काम नाही. मी हात लावायला गेले की, राहू द्या आई. इथे कुणी राहू द्या म्हणत नव्हतं.” आणि मग, आवाज उतरवून, “दर वेळी ठरवून यायचे की आज थांबायचं, तू येईपर्यंत, आणि सांगायचं. दर वेळी पाच वाजले की पळून जायचे.”

तिला चिठ्ठी आठवली. तोंडावर रक्त चढलं. “डब्याखाली एक कागद होता.”

सासूने पर्स उघडली, आतल्या कप्प्यातून चष्म्याचं घर काढलं आणि त्यात घडी करून ठेवलेली चिठ्ठी तिच्यापुढे धरली. “माझ्यासाठी नव्हती, कळलं मला. तू ‘ये’ लिहिलं होतंस. मला तू ‘या’ म्हणतेस. पण कळेपर्यंत वाचून झाली होती.”

“त्याला दाखवलीत?”

“नाही.”

“का?” आयुष्यात पहिल्यांदा तिने हा शब्द या घरात इतक्या मोठ्याने उच्चारला होता. “माझी चिठ्ठी होती ती! तुम्ही कोण ठरवणार? दाखवली असतीत तर तो आला असता!”

“आला असता,” सासू शांतपणे म्हणाली. “तेच तर. चार दिवस आला असता, डोळ्यांत पाणी आणलं असतं, आणि पुन्हा गेला असता. तो माझा मुलगा आहे, मी त्याला वाईट म्हणणार नाही. पण जाताना तुला पुन्हा एकदा असंच ठेवून गेला असता, सध्या-सध्यावर.” तिने चष्म्याचं घर मिटलं. “चूक केली असेन. मला नाही समजत. मुलाच्या बाजूने असावं की कुणाच्या, ते या वयात कळेनासं झालंय बघ मला.”

सासू उठली आणि हात पुन्हा धुवायला आत गेली, किंवा तोंड धुवायला. नळ बराच वेळ चालू राहिला. ती टाकीसमोर तशीच बसून होती, मांडीवर चिठ्ठी. रागवावं तर कुणावर रागवावं हे तिने एकेक करून तपासून पाहिलं. तो: तो गेला होता, पण तो तर आठ महिन्यांपूर्वीच गेला होता, आज नवीन काय झालं? ही: हिने चोरी केली आणि श्वासही दिला, एकाच दुपारी, एकाच हाताने. आपण: आपण झाकण वाढू दिलं आणि त्याला हिरवळ म्हटलं. तेवढ्यात टेबलावर ठेवलेला सासूचा फोन वाजायला लागला. पडद्यावर नाव होतं: ‘धाकटा’. क्षणभर तिला कळेना हा कोण. मग कळलं. नळ चालूच होता. तिने फोन उचलला आणि कानाला लावला.

“किती वेळ गं आई,” त्याचा आवाज आला. इतका जवळून, इतका मऊ. “दुपारच्या गोळ्या घेतल्यास का?”

तिला सांगायचं होतं, मी आहे. तोंड उघडलं. “नाही,” ती म्हणाली.

“बघ! रोज आठवण करून द्यायची का मी? प्रेशर वाढेल, मग दादा-वहिनींना त्रास. आत्ताच्या आत्ता घे. ऐकतेस ना? आणि तिकडे गेली होतीस? सांगितलंस तिला?” तो थांबला. तिचा श्वास त्याला आईचाच वाटला. “सांग गं एकदाचं. मला नाही जमत तिच्याशी. ती भांडली असती, विचारलं असतं काही, तर मी बोललो तरी असतो. ती काही विचारतच नाही. नुसती ‘बरं’ म्हणते. मला त्या घरात बोलायला सुरुवात कुठून करायची तेच कळायचं नाही… बरं, मी ठेवतो, इथे बोलावतायत. गोळ्या घे हं. आणि साखर कमी खा.”

फोन बंद झाला. तो तिने जिथे होता तिथे, त्याच कोनात ठेवला. बारा वर्षांत त्याने तिला ‘ऐकतेस ना’ असं कधी त्या आवाजात विचारलं नव्हतं. की विचारलं होतं, आणि तिने ‘बरं’ म्हटलं होतं? तिला खरंच आठवेना. एकच शब्द बोलली होती ती, तोही धडधडीत तिच्या आवाजात, आणि त्याला तो ओळखू आला नाही. या गोष्टीचं दुःख होईल म्हणून ती थांबली. ते येत होतं, पण लांबून, आणि त्याच्याआधी एक विचित्र हलकेपणा आला, बसून बसून बधिर झालेल्या पायात रक्त परत येतं तेव्हा टोचतं ना, तसा.

सासू बाहेर आली. चेहरा ओला होता. “फोन वाजला का माझा?”

“त्याचा होता.”

“काय म्हणाला?”

“दुपारच्या गोळ्या घेतल्या का विचारत होता. मी नाही म्हटलं.”

सासूने तिच्याकडे पाहिलं. “तू बोललीस? आणि मग?”

“मग तो रागावला. तुमच्यावर.”

ते कळायला सासूला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिने स्टूल चाचपलं आणि बसली. “अरे देवा,” ती हळूच म्हणाली. समजूत घातली नाही, आणि त्याबद्दल सुनेला बरं वाटलं. मग सासूने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली आणि ती हातात धरून नुसतीच बसली, जशी ती घ्यायची परवानगी कुणाकडून तरी यायची होती.

ती खुर्चीतून उठली, आत गेली, पेल्यात पाणी घेतलं. ओट्यापाशी उभी राहून तिने विचार केला की आता बाहेर जाऊन आपण या बाईला काय म्हणणार आहोत, आणि काहीच सुचलं नाही. तशीच बाहेर आली. सासूने पहिली गोळी घेतली. दुसरी घशात अडकली आणि तिला ठसका लागला, मोठा, अंग हलवणारा. तिने पेला काढून घेतला आणि सासूच्या पाठीवर हात ठेवला. बारा वर्षांत पहिल्यांदा. पाठ हाडकुळी होती, उन्हात ठेवल्यासारखी गरम, आणि तळव्याखाली श्वास ये-जा करत होता, आधी अडखळत, मग जरा सरळ. सासू पेल्यासाठी हात पुढे करत उठायला बघत होती. पाच वाजत आले होते.

“हळू घ्या,” ती म्हणाली. “मला आज कुठे जायचं नाहीये.”